पेवात कंदील

प्रणय तेलरांधे नागपूरहून आला
तेव्हा काट्यावर सरकीचा ट्रक उभा होता.
ड्रायव्हर आतच बसलेला.
म्हटलं, उतर बाप्पा, काटा तुलेही मोजते.
तो उतरला. मी पावती फाडली.

प्रणयनं लॅपटॉप ठेवला
पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्यावर, तिथंच जागा होती.
म्हणाला, मावशी, आता प्लॉट नाही, सोनं नाही,
आता वखार.
धंद्यांचा डेटा ठेवायची वखार.
बँका, दवाखाने, विमेवाले, जिनिंगवालेसुद्धा,
सगळ्यांचा माल वाढतच जाते
अन् फेकत कोणीच काही नाही.
पडद्यावर हिरवी रेघ चढत गेली.
ओल्या कापसाची गाडी आली
की काटा असाच चढतो,
पण ते मी तेव्हा बोलले नाही.

विचारलं, माल बाहेर कवा जाते?
जातच नाही मावशी, तीच तर गंमत.
ठेवणारा विसरून जाते, भाडं चालूच राहते.

असली वखार माझ्या सासऱ्यांना मिळाली असती
तर उंदरांमागं
त्यांची अर्धी उमर गेली नसती.

मग विचारलं, मे महिन्यात इथं
पत्र्याला हात लागला तर कातडी तिथंच राहते.
तुझ्या मशिनी थंड कोण ठेवते?
वीज, म्हणाला. आणि पाणी.
पाणी कोणाचं?
त्यानं पान खाली सरकवलं, मग वर,
मग बाटलीतलं पाणी प्यायला.

माझ्या माहेरी, आर्वीकडं, पेव होतं ज्वारीचं.
तोंडावर फाडी, फाडीवर माती,
मातीवर आम्ही पोरी बिट्ट्या खेळायचो.
उघडायच्या दिवशी मात्र
बाबा कोणाला वाकू देत नसत.
दोरीला कंदील बांधून आधी तो सोडायचा.
जळत राहिला तर माणूस उतरेल.
विझला तर फाडी बाजूला ठेवून
झाडाखाली बसायचं, दुपार होईस्तोवर.
उरकुडा एकदा बसला नव्हता.

म्हटलं प्रणय, ज्वारी किती हे सगळेच सांगतात.
तू कंदील सोड.
कंपनीच्या डोक्यावर कर्ज किती?
मोठी तीन गिऱ्हाईकं उठून गेली
तर किती खोल्यांत अंधार?
आजची मशीन कितव्या वर्षी भंगारात?

त्यानं उत्तरं शोधली, खरंच शोधली.
तेवढ्यात दोन ट्रॉल्या मोजून झाल्या,
एक कुटाराची, एक ढेपेची.
काही आकडे सापडले. काही नाही सापडले.
नाही सापडले ते त्यानं लपवले नाहीत,
मला हे आवडलं.

मग माझाच फोन वाजला.
जागा भरत आली आहे, वाढवून घ्या.
महिन्याचे एकशेतीस रुपये मी भरते,
तीन वर्षं झाली, कोणाला न सांगता.
बोरकुटेच्या कापसात ओलीची कपात जास्त धरली होती,
तेव्हा एका पावतीच्या फोटोनं
अडीच क्विंटल परत आणले.
त्या दिवसापासून एकही फोटो पुसला नाही.
बोटांवर हिशेब केला:
चार हजार सहाशे ऐंशी.
म्हणजे मी तिथली जुनी भाडेकरू,
आणि हा पोरगा मला
माझ्याच घरमालकाचा पत्ता सांगत होता.

घरातलं काढलं नाही. बँकेतलं मोडलं नाही.
काट्याच्या गल्ल्यातून दिले,
बुडाले तरी रात्री झोप लागेल एवढेच.
इतकेच, मावशी?
हाव. पहिल्या दिवशी
सगळं गाव पेवात उतरत नाई.

तो गेला. रिकामा ट्रक आला.
आधी रिकाम्याचं वजन, मग भरल्याचं;
माल म्हणजे मधला फरक,
बाकी सगळं लोखंड.
पावती फाडली, फोटो काढला.

कुठंतरी, मला माहीत नसलेल्या गावी,
माझ्यासाठी एक पंखा
थोडा जास्त फिरला असेल.