काळी चिकटपट्टी, चाळीस नग

आक्षेप क्रमांक सात मीच काढला होता:
काळी चिकटपट्टी, चाळीस नग.
कणभौतिकीच्या प्रकल्पाला एवढी पट्टी कशाला?
उत्तर आलं एका ओळीचं,
डॉ. लिओनोर कुलासोंच्या तिरप्या अक्षरात:
उजेड आत येऊ नये म्हणून.

बावीस वर्षं लेखा विभागात काढली.
सरकारी पैशाने दिवे लागलेले पाहिले,
नुसते खांब उभे राहिलेलेही पाहिले.
उजेड अडवायचं बिल
टेबलावर पहिल्यांदाच आलं.
तिसरा हप्ता माझ्या सहीवाचून थांबलेला,
आणि मार्च संपायला नऊ दिवस.

म्हणून रिवणला गेले, प्रत्यक्ष पडताळणीला.
मँगनीजची बंद खाण. तोंडाशी काजूला बोंडं धरलेली.
दत्तगुरू वेळीप बॅटरी घेऊन पुढे,
'बाय, पांय सांबाळून' म्हणत.
साठ मीटर दगड डोक्यावर.
खाली लाकडी माच, त्यावर
काळ्या पट्टीत गुंडाळलेल्या चार पाट्या.
बाळंतिणीच्या खोलीत बोलावं
तसं सगळे हळू बोलत होते.

वरून येतात, डॉक्टरबाई म्हणाल्या, आकाशातून.
पठारावर उभ्या असाल तर तळहातातून
सेकंदाला एखादा तरी आरपार जातो.
डोंगर भेदून इथवर फार थोडे.
ते मोजतो.

मोजून काय होतं?
हा रकाना फॉर्मात नाही, सवयीने विचारलं.
त्या जरा गप्प राहिल्या.
'अजून माहीत नाही.'
इतकं खरं उत्तर
माझ्या कुठल्याच फाइलीत नाही.

चार हजार एकशे सोळा.
सतरा.

वडील सावर्ड्याच्या धक्क्यावर मुकादम होते.
बार्जमध्ये रिकाम्या होणाऱ्या टोपल्या मोजायचे,
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
मोजलेलं सगळं मुरगावाहून बोटीने गेलं,
गेलं त्या गावाचं नाव
त्यांना शेवटपर्यंत धड उच्चारता आलं नाही.
मागे राहिलं ते हे भोक.
आता इथून कोणी काही नेत नाही.
कोण आलं, तेवढं लिहून ठेवतात.

पट्ट्या मोजल्या. एकोणचाळीस वापरलेल्या, एक शिल्लक.
वेळीपांनी बॅटरी विझवली.
मी एका पाटीवर हात ठेवून उभी राहिले,
बराच वेळ, प्रवासभत्त्यात बसेल त्याहून जास्त.
काही जाणवलं नाही.
अठरा.

डेडस्टॉक रजिस्टरात शेरा लिहिला:
वस्तू जाग्यावर आढळल्या.
उजेड आत जात नाही, समक्ष खात्री केली.
खाली सही, तारीख, कार्यालयाचा शिक्का.

पर्वरीला साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
'कण दाखवले का हो त्यांनी?'
नाही, म्हटलं.
हजेरीपट दाखवला.