कसंतरी होतंय

पहाटे तीनला जबड्यात कळ आली.
दाढ असेल, म्हटलं.
मग ती खांद्यावर उतरली, तिथून कोपरापर्यंत,
एखादी पाहुणी घर बघत हिंडावी तशी.
खाली जाऊन ओव्याचं पाणी बारीक आचेवर ठेवलं
आणि उकळेपर्यंत म्हणून वर येऊन पडले.

गेट्सहेडची ही गल्ली नदीकडे उतरते,
इतकी तिरपी की हातातली बाटली सुटली
तर टाइनमध्येच जाऊन थांबेल.
रस्त्यावर दव गोठलेलं. सगळी घरं काळोखात.
शेजारच्या मॉरीनला उठवावं का?
तिचं गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय.
कुणाची झोप मोडायची नाही, हे माझं वळण.
त्यापायी एकदा मोडक्या मनगटानं
शाळेत तीनशे पोरांना कस्टर्ड वाढलंय मी.

घाम आला तेव्हा मात्र घाबरले.
जानेवारीत, हीटर बंद असताना, उशी भिजली.

फोनवरची मुलगी म्हणाली, काय होतंय, पेट?
इकडे सगळ्यांनाच पेट म्हणतात, लाडानं.
आम्ही चुलीला म्हणायचो, फुंकणी मारत.
चाळीस वर्षं झाली तरी मला ओलं सरपणच आठवतं.

काय होतंय?
कसंतरी होतंय.
हे इंग्रजीत नेता येईना.
कळ, चमक, ठणका, सणक,
भरून आलंय, दाटून आलंय,
माझ्याकडे डबाभर होते, तिच्याकडे एकच: पेन.
एक ते दहामध्ये किती?
बाळंतपणाला दहा धरलं तर सहा.
आणि यशवंत गेला ती रात्र धरायची का?
हे विचारलं नाही. सात सांगितले.

आडनाव? खांडेपारकर.
के, एच, ए, एन...
पुरे, मिळालात तुम्ही, ती म्हणाली.
इतक्या स्वस्तात ते कधीच सुटलं नव्हतं.

ॲस्पिरिन आहे? चावून खा.
दार उघडं आहे?

दार.
वर कडी, खाली बोल्ट, मध्ये साखळी.
चोरी झाली त्या वर्षी मीच बसवून घेतलेली,
वर सुताराला म्हणाले होते,
आणखी काही असेल तर तेही लाव.

तेरा पायऱ्या.
बसून उतरले, ढुंगण टेकत टेकत,
फोन गाउनच्या गळ्यात खोचलेला,
म्हणजे ती मुलगी माझ्या छातीतून बोलत होती.
कितवी पायरी? सहावी. छान. आता?
नवव्या पायरीवर थांबले.
तिथं खिळा वर आलाय, ठोकायचा राहूनच जातो.
भिंतीला कपाळ लावलं. गार. बरं वाटलं.
इथंच बसावं, वाटलं.
हॅलो, छाती म्हणाली. हॅलो. हेमलॅटा?
असं माझं नाव नाही.
तरी मी ओ दिली.

साखळी निघाली. कडी निघाली.
बोल्ट गंजलेला. त्याला चप्पल हाणली, दोनदा.

निळा उजेड छतावर फिरला, भोंगा नव्हता.
गल्लीत लहान मुलं असतील ना झोपलेली, कॅलम म्हणाला.
विशीतला पोरगा, ओले बूट माझ्या गालिच्यावर.
घरात आणखी कोण?
कुणी नाही.
त्यानं ते लिहून घेतलं, औषधाचं नाव लिहावं तसं.
मी म्हटलं, गॅस.

पाचव्या दिवशी परत आले.
हृदयात आता जाळीची एक नळी आहे,
बॉलपेनातल्या स्प्रिंगएवढी, असं नर्सनं सांगितलं.
साखळी लोंबत होती.
शेगडीवर पातेलं, आणि पातेल्यावर
बशी उपडी घातलेली.
एवढ्या घाईत! झाकायचं कुणी शिकवलं असेल त्याला?
आत ओव्याचं पाणी, काळपट, वर तवंग.
जिवावर बेतलं होतं, ते निभावलं.
हे सिंकमध्ये ओतायचं मात्र
जिवावर आलं.