बैदा दवार

इथे चौकाला दवार म्हणतात.
गोल फिरायचं, आपली वाट आली की सुटायचं.
आमच्या बुरोंडीकडे तिठा असतो.
तिथे फिरायचं नसतं, उभं राहायचं असतं,
एसटी येईपर्यंत,
किंवा ती आज येणार नाही हे कुणीतरी सांगेपर्यंत.

सोहारात मी एकोणतीस वर्षं गाडी चालवली.
पाट्यांवरची नावं वेगळी, आम्हा ड्रायव्हरांची वेगळी.
टाकीचा दवार, जिथली टाकी मी यायच्या आधीच पाडलेली.
तीन खजूर. त्यातले दोन वाळले, एक उरला,
तरी पत्ता सांगताना तीनच.
पठाणाचा सिग्नल. कोण पठाण?
कुणी म्हणे टायरवाला, कुणी म्हणे तिथे ट्रकखाली आलेला.
एक मलबारी तर म्हणाला, पठाण नव्हताच, पतंग होता,
तारेत अडकून वर्षभर फडफडलेला.
मला पतंग पटला.
तेव्हापासून लाल दिवा असला की मी वर बघतो.

पण एका दवाराचं मला पक्कं ठाऊक आहे.

शहाण्णवचा ऑगस्ट. दुपारचा एक.
पिकअपमध्ये चाळीस ट्रे, अरबाबची घाई,
मी वळलो जरा जोरात, आणि दोरी जुनी.
(बदला म्हणून मी दोनदा सांगितलं होतं,
ते इथे लिहून ठेवतो.)
बाराशे बैदे
एकदम, फारसा आवाज न करता,
रस्त्यावर.

बैदा हा शब्द आईचा. अंडं म्हणायचे ते मास्तर.
इथे आलो तेव्हा कळलं, शब्द मुळात इकडचाच.
कधीतरी कुठल्या गलबतातून आमच्या खाडीत उतरला,
आमच्या चुलीवर शिजला,
आणि माझ्याबरोबर विमानाने परत आला.
पहिल्या दिवशी दुकानात
तो एवढा एकच मला बोलता आला होता.

तर, गाड्या तुंबल्या. दोन घसरल्या.
पोलीस आला, बूट उचलून उचलून टाकत, हसू दाबत.
नाव? नझीर.
पुढचं बुरोंडकर त्याला लिहिता येईना, सोडून दिलं.
सहा महिने पगारातून पाच-पाच रियाल गेले.
घरी कळवलं, ओव्हरटाइम बंद आहे.
आणि महिना व्हायच्या आत
कामगारांच्या बसवाले तिथे ओरडू लागले:
बैदा! बैदा कोण उतरणार?

पुढे कधीतरी बलदियाचा माणूस वही घेऊन आला.
याला काय म्हणता?
चहाच्या टपरीवरचे म्हणाले, बैदा.
त्याने लिहिलं बैदाऽ, शेवट जरासा लांबवून.
तेवढ्याने त्यांच्या भाषेत
अंड्याचं पांढरी होतं.
पाटी लागली. मग पाटीला शोभावी म्हणून
मधोमध पांढऱ्या दगडाची उंच सुरई,
आणि कडेच्या फरशांनाही चुना.

काल नव्या पोराला रूट दाखवत होतो,
जिजेश, त्रिशूरकडचा, मिशी अजून नीट फुटायचीय.
तोच मला समजावू लागला,
चाचा, सुरई पांढरी ना, म्हणून हे नाव.
असेल, मी म्हटलं.
बोलण्यात आमची वाट सुटली,
आणखी एक फेरी मारावी लागली.

तसं ते खोटंही नाही.
त्या दुपारी मी चाकाच्या सावलीत उकिडवा बसलो होतो,
आणि ऊन असं, की डांबरावर
पिवळ्याच्या भोवती, कडेकडेने,
हळूहळू पांढरं धरू लागलं.
कुठूनशी एक मांजर आली.
एकेक पाय आळीपाळीने उचलत, भाजत,
ती खात राहिली.