मोजा

ध्रुव आहे इथून चार चौकांवर,
जुन्या धक्क्यावर, पाणकावळ्यांच्या गर्दीत,
असं तिया इस्मेनियांनी सोमवारी जाहीर केलं.
(तिया म्हणजे मावशी. पुन्ता आरेनासात
बालवाडीच्या सगळ्या बाई मावश्याच.)
बारा मुलं, एक दोर, दोराच्या शेपटीला मी,
स्वयंपाकघरातून उचललेली,
हाताला अजून कांद्याचा वास.

निघण्याआधी मोजा, त्या म्हणाल्या.
थंडी मोजली: तीन.
शून्याच्या खाली नाही, म्हणून नाहुएल हिरमुसला.
ढग मोजले: एकच, पण आभाळभर.
आणि वारा? तो कशात मोजायचा?
बाल्ताझारने बूट काढला, लाल मोजा काढून दिला,
टाचेला भोक असलेला.
काठीला बांधताच तो फुगून आडवा झाला
समुद्राकडे बोट करून.

मिलारायचा बाबा खरोखरच्या बर्फावर असतो,
तळावरची इंजिनं दुरुस्त करतो.
काल रेडिओवर म्हणाला, बाहेर पाऊल नाही,
दिवसभर पत्ते.
ही कसली मोहीम, नाहुएल पुटपुटला.

पहिला चौक पळत.
दुसऱ्यात पाय जमिनीला लागलेच नाहीत,
वारा ढकलत होता पाठीवर हात ठेवून
लाड करणाऱ्या मामासारखा.
तिसऱ्यात, जिथे वादळाच्या दिवसांत
माणसांना धरायला दोरखंड बांधतात,
तिया थांबल्या.
वळा मागे. आता घ्या श्वास.
बारा तोंडं वळली.
श्वास घेता येईना.
"येताना जे फुकट मिळालं ना,
ते परतताना दामदुपटीने फेडायचं. चला घरी."

धक्का दिसत होता. पाणकावळेसुद्धा.
तिघं रडले. मीही चिडले, खरं सांगते,
इतकं जवळ येऊन.

परतायला पाऊण तास.
वाकून, भिंती धरून,
कुणी कुणाच्या आड चालायचं ते पाळीपाळीने.
काठी मध्येच कधी हलकी झाली
कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तियांनी वहीत लिहिलं:
ध्रुव गाठला नाही.
गेले बारा, आले बारा. (मला धरलं नव्हतं.)
मोजा एक, हरवला.

सूप वाढताना मी बाल्ताझारला विचारलं,
आता कुठे शोधायचा रे?
त्याने चमचा ठेवला, खिडकीबाहेर पाहिलं,
बोट थोडं वळवलं, पुन्हा थोडं.
"वारा पश्चिमेचा. म्हणजे सामुद्रधुनीपलीकडे.
पोर्वेनीरला पोचला असेल."
आणि खाली वाकून
दुसऱ्या पायाचा काढू लागला.