नववं प्रकरण

माझ्या कादंबरीतला इंजिनियर वाईट होता.
मी त्याला काळा चष्मा दिला होता,
लखलखीत बूट, तेहरानची गुळगुळीत भाषा.
आणि म्हाताऱ्या मुकन्नीला
छातीपर्यंत दाढी, वाक्यागणिक एक म्हण.

ते प्रकरण वाचून दाखवायला गेले
उस्ताद नौरोझअलींकडे,
गोनाबादच्या पुढे, जिथे डांबरी रस्ता
केशराच्या वाफ्यांपाशी येऊन दमतो.
वय ब्याऐंशी. उजव्या हाताला तीन बोटं.
साठ वर्षं जमिनीखाली रांगून
त्यांनी गावची कारेझ राखली :
डोंगराच्या पोटातलं पाणी, पंप नाही, दोर नाही,
नुसत्या उतारावर
गावापर्यंत चालत आणलेलं.

त्यांनी डोळे मिटून ऐकलं.
साखरेचा खडा दातांत तसाच,
चहा निवून गेला.

मग म्हणाले, पांढरे कपडे पावित्र्यासाठी नव्हते, बाई.
माती ढासळली तर वेगळं कफन नको, म्हणून.
आणि अंधारात एकमेकांना दिसावं, म्हणूनही.
दोन्ही लिही.
एकच लिहिलंस तर आम्ही संत होऊन बसू.

आणि दिवा विझला की जिन येतो, हे कुणी सांगितलं?
दिवा विझला की हवा संपली.
मागे फिरायचं, गुडघ्यांवर, घाई न करता.
ते आमचं मीटर होतं.

मी समासात लिहून घेत होते.
बाहेर कुणाचा तरी पंप चालू होता,
दिवसभर चालूच होता,
मला तो इतक्यात ऐकू यायला लागला.

बोअर कुणी पाडली, लिहिलंयस?
सरकारनं, मी म्हटलं. इंजिनियरनं.
माझ्या भावानं, ते म्हणाले. यदुल्लानं.
पिस्त्याची रोपं लावली होती त्यानं.
कारेझच्या पाण्याची त्याची पाळी बारा दिवसांनी,
तीही सहा वाट्यांची.
तांब्याची वाटी, बुडाला भोक,
पाण्यावर सोडायची, भरून बुडाली की एक.
पोरं मोठी होत होती. किती दिवस वाट्या मोजायच्या?
इंजिनियर नको म्हणत होता.
कागदावर रेघ मारून दाखवली त्यानं :
इतकं खोल गेलात तर वरचं पाणी तुटेल.
बूट कसले! पोराच्या गुडघ्यापर्यंत चिखल असायचा.

मला वाटलं, भाऊ एकमेकांना पाण्यात पाहत असतील.
तसं विचारलंही, जरा सौम्य शब्दांत.
छे. रोज रात्री एकाच दस्तरखानावर जेवलो.
भातही त्याच पंपाच्या पाण्यातला.

मग बराच वेळ काही नाही.
तीन बोटांनी त्यांनी गालिच्याची एक गाठ चाचपली.
जागा मी दाखवली, ते म्हणाले.
पहाटे तिथली जमीन गार लागायची,
भर उन्हाळ्यात एक काटेरी झुडूप हिरवं असायचं.
भावानं विचारलं, पाणी कुठे आहे.
मला माहीत होतं.

निघताना ते मला कारेझच्या तोंडाशी घेऊन गेले.
एक खडा सोडला आत.
मी मोबाइलवर सेकंद मोजले, त्यांनी ओठांनी.
माझे सव्वातीन आले, त्यांचे चार.
आवाज कोरडा आला,
त्यावर आमचं एकमत झालं.

घरी येऊन सगळ्या म्हणी खोडल्या.
मुकन्नी आता फारसं बोलतच नाही,
संपादकबाईंना तो कंटाळवाणा वाटतो.
जागा दाखवण्याचा प्रसंग
पाचदा लिहून पाहिला. कुठेच बसत नाही.

नववं प्रकरण तसंच पडून आहे.
इंजिनियरच्या बुटांना तेवढा
चिखल लावलाय.