झुकतं माप

लुडी मेझनारची कंबर मी एकतीस वर्षं मोजली.
पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा चौतीस.
सेंट क्लेअर रस्त्यावर बर्फ गुडघ्याएवढा,
आणि हा बूट न झटकताच आत:
"बाई, निवडून आलोय. सूट मात्र भावाचा आहे."

वहीत लिहिलं: लुडी, नगरसेवक, ३४. बाही आखूड.

आमच्या क्लीव्हलंडला तळ्याखाली मिठाची खाण आहे.
माणसं पाळण्यात बसून पाण्याच्याही खाली उतरतात,
वर येतं ते मीठ थंडीत रस्त्यांवर पडतं.
कुठल्या रस्त्यावर आधी, ते लुडी ठरवायचा.
ज्यांनी मतं दिली नाहीत त्यांच्या दारात
मार्चपर्यंत नुसती काच.
आमच्या गल्लीत पहाटे पाचला ट्रक.
खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
आम्ही तर ते फक्त तुडवलं,
तरी जागलो.

अडतीस. चाळीस. बेचाळीसला निळा सूट शिवायला टाकला,
म्हणाला, "आत डावीकडे एक खिसा. लांबट.
पाकीट दुमडायला लागू नये असा."
मी खडूनं आखला. विचारलं नाही.
शिंप्यानं आणि न्हाव्यानं विचारू नये, वडील म्हणायचे;
मिरजेत त्यांच्याकडे सभापती यायचे.

माझ्या पाटीचा परवाना सात महिने अडला होता.
पाकिटात पन्नास डॉलर घातले,
आठवड्यात पाटी लागली.
त्याच खिशात गेले ते, मी शिवलेल्या.
बसले बरोबर.
सवयीनं वहीत टिपलं.

मग ह्यांना झटका आला, जानेवारीत, रात्री दोनला.
अँब्युलन्स चौकात रुतली.
फोन मी कुणाला केला असेल?
पायजम्यावर ओव्हरकोट चढवून आला,
मागे मिठाचा ट्रक,
आणि हा स्वतः फावडं मारतोय,
आजीच्या स्लोव्हेनियन भाषेत बर्फाला शिव्या घालत.
हे आणखी नऊ वर्षं जगले.
त्या नऊ वर्षांची पावती
आता कुणाच्या नावानं फाडू?

शेहेचाळीस होता तेव्हा ते दोघे आले,
केंद्र सरकारचे, ओळखपत्रं उघडून.
मिठाच्या दर टनामागे लुडीचा वाटा,
भाच्याच्या नावावर गोदाम, फ्लोरिडात बोट.
माझी वही मागितली. सगळी देवनागरी.
त्यातल्या तरुणानं एका ओळीवर बोट ठेवलं.
लुडी, ५०.
"हे काय?"
"कंबर," मी म्हटलं.
त्यानं लिहून घेतलं.
एवढा काही जाड नव्हता तो.

चार वर्षं झाली. कोर्टाबाहेर दोनशे माणसं,
हॅझल टकर तर पाउंडकेक घेऊन.
त्याच्या जागी ऑड्री पेटिफर्ड आली. सरळ बाई, बोलणं अळणी.
मिठाच्या ट्रकचं वेळापत्रकच छापलं,
सगळ्या गल्ल्या सारख्या.
आमचा वार गुरुवार.
बर्फ मंगळवारी पडायचा.
रेल्वेपलीकडच्या गल्ल्यांत मात्र
भर जानेवारीत म्हातारी माणसं चालताना दिसली,
मी तरी पहिल्यांदाच बघितली.
हे हॅझलला सांगितलं नाही.

सुटून आला तो छत्तीस.
"बाई, सगळं आत घे."
कायद्यानं त्याला उभं राहता येईना,
म्हणून भाचा उभा राहिला.
ऑड्री पडली.

परवा भाचाच सूट घेऊन आला, मामांचा, तो निळा.
शेवटच्या सुटाला माप लागत नाही,
पाठीमागे टाचण्या चालतात, कोण बघतंय.
तरी मी नीट शिवला.
खिसा उसवला. म्हटलं, हा नको सोबत.
अस्तर सगळं विटलेलं,
आणि खिशामागे तेवढाच एक लांबट चौकोन
कोरा निळा, ठाणातून काल कापल्यासारखा.
दिवा जवळ ओढून बराच वेळ बघत बसले.
मग खिसा होता तिथेच
परत शिवून टाकला.