उरलंसुरलं

हमाम स्ट्रीटवरच्या त्या ऑफिसात
गझदर साहेब मृत्युपत्रं सांगत, मी टाईप करी.
मिनिटाला पंचावन्न शब्द, आणि स्पेलिंगचा गर्व.
तोच नडला.

त्रिलोकेकरांच्या कागदात एक शब्द आला: रेसिड्युआ.
मला वाटलं, जीभ घसरली;
साहेब सत्त्याहत्तरचे, कवळी नवी.
मी गुपचूप दुरुस्त केलं: रेसिड्युअम.
म्हणजे सगळी देणी भागवून,
दूधवाल्याचं, डॉक्टरचं,
सोनापुरातल्या लाकडांचं बिल चुकतं करून
तळाशी जे राहतं, ते.
शेकडो मृत्युपत्रांत मी हेच बडवलं होतं,
नेहमी एकवचनी.
माणूस एक, मरण एक, उरलेलं एक.

साहेबांनी कागद उजेडाला धरला.
लाल पेन्सिलीनं शेपटीचं अम खोडलं
आणि तिथे एक गलेलठ्ठ ए काढला.
"मिस कर्णिक, तू आमचा लॅटिन सुधारते काय?"

मग समजावलं.
अम जाते, आ येते. डेटम, डेटा. मेमोरँडम, मेमोरँडा.
रोजचे शब्द; ते अनेकवचनी आहेत
हेही आता कुणाच्या लक्षात नाही.
हा मात्र कुणी वापरत नाही.
रसायनवाले कधीमधी,
दोन भांड्यांच्या बुडाशी दोन निराळे साके राहिले तर.
"आणि वकिलाला जन्मात एकदा.
माणसाच्या मागे एकच ढीग असते ना, म्हणून."

"मग ह्यांचं?"

साहेबांनी दोन बोटं वर केली.
एक ठाकुरद्वार. एक पार्ले.

घरी जाताना शब्द तोंडात घोळवत राहिले.
लॅटिनलाही आपल्यासारखं तिसरं लिंग आहे.
तळं, तळी. केळं, केळी.
पण उरलंसुरलं?
त्याचं अनेकवचन करून बघा.
उरलीसुरली म्हटलं की
पोळ्या दिसतात, नाहीतर पोरं.
आपल्याकडे उरलंसुरलं एकाच पातेल्यात,
वर झाकण, झाकणावर वरवंटा.

पंधरा दिवसांनी त्या आल्या. दोघी.
बाकावर मध्ये एका माणसाची जागा सोडून बसल्या.
ठाकुरद्वारच्या म्हणाल्या, "हे गेले तेव्हा मी देवळात होते."
पार्ल्याच्या म्हणाल्या, "ते गेले."
एवढंच.
दोघींकडेही आदरार्थी अनेकवचन;
एकटा माणूस, दोन्ही घरांत बहुसंख्य.

मी याद्या वाचल्या.
पोस्टाची पासबुकं, शिवणयंत्र, तंबोरा,
कुणालाच नको असलेला एक भुसा भरलेला ससाणा.
कुणी हू की चू केलं नाही.
अडलं ते चष्म्यांशी.
दोघींनी एकेक आणला होता,
आणि दोन्ही कुठल्याच यादीत नव्हते.
ठाकुरद्वारचा काळ्या फ्रेमचा, जुन्या नंबराचा.
पार्ल्याचा जाड भिंगांचा, एका काडीला दोरा गुंडाळलेला.

ठाकुरद्वारच्यांनी हात लांब करून पार्ल्याचा उचलला,
डोळ्यांना लावला.
बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसल्या.

"इतकं कमी दिसायला लागलं होतं?"

"मी वाचून दाखवायची."

"पेपर?"

"पेपर." मग जरा थांबून,
"तुमची पत्रंसुद्धा."

साहेबांनी शिपायाला दोन चहा सांगितले,
मग म्हणाले, नको, चार आण.

त्या गेल्यावर मी पक्की प्रत काढली.
कोण कुठला चष्मा घेऊन गेली, ते मी पाहिलं होतं.
कागदात ते येत नाही.
शब्द मात्र बरोबर मारला, अक्षर अक्षर, पाय चुकेल अशा भीतीनं.
ए हे डाव्या करंगळीचं अक्षर,
तिचा मार मुळातच हलका;
तिसऱ्या कार्बनवर तो जेमतेम उमटला,
वाचणाऱ्याला वाटावं की इथे काहीतरी होतं.

मी पुन्हा मारला नाही.